"मले होऊन गेला" म्हणजे किती दिवस?

फेब्रुवारी 2021. ब्रह्मपुरीतल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य रोज कानावर यायचं. "मले होऊन गेला न भाऊ, आता काय होते?" मास्क हनुवटीवर. (माझाही तिथंच होता, खोटं कशाला बोलू.)

हे वाक्य अडाणीपणाचं नव्हतं. आपल्या आज्यांनी देवीची साथ पाहिली होती. ज्याच्या तोंडावर देवीचे वण, त्याला ती सहसा पुन्हा येत नसे. गोवराचंही तेच. 1846 मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरला दिसलं की 1781 च्या साथीत गोवर झालेले म्हातारे 65 वर्षांनंतरही सुटले. आपण कोरोनालाही हीच फूटपट्टी लावली.

शिकलेल्यांनीही लावली. ऑगस्ट 2020 मध्ये पुण्याच्या सर्वेक्षणाचा निकाल आला. पाच प्रभागांतले 1,664 लोक तपासले, 51.5 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी. मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत तर 57 टक्के. झालं, आता साथ संपत आली असं बोललं जाऊ लागलं. पण तो आकडा त्या दिवसांपुरता होता. पुढच्या वर्षी काय होईल हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

झालं असं की अँटिबॉडी काही महिन्यांत उतरत जातात आणि विषाणूही रूप बदलतो. 22 फेब्रुवारीला अमरावतीत लॉकडाऊन लागला. भारतात ऑक्टोबर 2020 मध्येच सापडलेला नवा प्रकार, ज्याला पुढं डेल्टा नाव मिळालं, तोपर्यंत विदर्भात फिरत होता.

पुन्हा लागण होते का, याचा हिशोब आयसीएमआरनं केला होता. दोन पॉझिटिव्हमध्ये किमान 102 दिवस आणि मधे एक निगेटिव्ह, ही अट. 1,300 जणांत 58 सापडले, म्हणजे 4.5 टक्के. पण ही नोंद डेल्टाच्या आधीची. मग मे 2021 मध्ये केंद्रानं सांगितलं, बरं झाल्यावर 3 महिन्यांनी लस घ्या. गावात पोचेपर्यंत त्याचं झालं, "झालेल्यांना लस नाही लागत." हा घोळ निस्तरायला आशाताईंना किती दारं झिजवावी लागली, त्यांनाच विचारा.

नीट उत्तर 2023 मध्ये आलं. 19 देशांतल्या 65 अभ्यासांचा आढावा 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आधी कोरोना झालेल्यांना 40 आठवड्यांनंतर ओमायक्रॉनच्या लागणीपासून संरक्षण उरलं होतं 36 टक्के. गंभीर आजारापासून मात्र जवळपास 89 टक्के. म्हणजे आपण एकच प्रश्न विचारत होतो आणि त्याची उत्तरं दोन होती.

टपरीवरचा तो मित्र एप्रिलमध्ये पुन्हा पॉझिटिव्ह आला. चार दिवस ताप, घरीच बरा झाला. त्याच्या वडिलांना मात्र आधी झाला नव्हता. त्यांच्यासाठी आम्ही रात्रभर ऑक्सिजन बेड शोधत फोन फिरवत होतो. सकाळी मिळाला, गडचिरोलीत.