स्वयंवह

पाणी वाहतं आणि हमालही ओझं वाहतो. देवाला फूल वाहतात, शपथ वाहतात, काळजी वाहतात. या सगळ्या वाहण्यांच्या मुळाशी संस्कृतातला 'वह्' धातू आहे. पाण्याच्या वाहण्याला कष्ट नाहीत, हमालाच्या वाहण्याला घाम लागतो, तरी क्रियापद एकच. जुन्या ज्योतिषग्रंथांत भेटणारा 'स्वयंवह' हा शब्द नेमका या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

स्वयंवह म्हणजे आपलं आपण चालणारं यंत्र. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त त्याची कृतीच दिली आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला पोकळ आरे, ते निम्मे पाऱ्याने भरून तोंडं बंद करायची, आणि चाक आडव्या आसावर ठेवायचं. पारा एका बाजूला चढतो, दुसरीकडे उतरतो आणि चाक फिरत राहतं. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तही (११५०) असं पाऱ्याचं चाक आहे. शिवाय त्यांचा एक शेरा मोठा गमतीचा आहे: बाहेरच्या कशावर तरी विसंबून चालणारं 'सापेक्ष' स्वयंवह त्यांनी ग्राम्य ठरवलं. खरं तर जगात आजवर चाललेली सगळी यंत्रं याच ग्राम्य जातीची!

पाऱ्याचं चाक का चालत नाही? उतरत्या बाजूचा पारा आसापासून लांब सरकतो, म्हणून तिकडची ओढ जास्त वाटते. पण चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात प्रत्येक आऱ्यातला पारा जितका खाली येतो, तितकाच त्याला परत वर चढावं लागतं. आरे वाकडे करा, तिरपे करा, हा हिशेब बदलत नाही. उतरताना मिळालेलं चढताना परत द्यायचं, वर आसाचं घर्षणही भागवायचं. हाताने धक्का दिलेलं चाक थोडा वेळ फिरेल आणि थांबेल.

युरोपात तोच खेळ पाण्याने मांडला गेला. रॉबर्ट फ्लड या इंग्रज वैद्याच्या १६१८च्या ग्रंथात अशी गिरणी आहे: पाणी पडतं, चाक फिरतं, चाकाने धान्य दळायचं आणि त्याच चाकाने पाणी वरच्या टाकीत चढवायचं. इथे दोन्ही 'वाहणे' समोरासमोर येतात. एक किलो पाणी एक मीटर खाली आलं तर सुमारे ९.८ ज्यूल मिळतात, आणि तेच पाणी पुन्हा वर वाहून न्यायला निदान तेवढेच लागतात. दळणासाठी काही उरतच नाही. तेल-वंगण कितीही घातलं, घर्षण पार नाहीसं झालं असं मानलं, तरी दळण फुकट होणार नाही. असल्या आराखड्यांना कंटाळून पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५मध्ये ते तपासणंच बंद केलं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पक्का मांडला गेला तो मात्र १८४०च्या दशकात, मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या हातून.

ऊर्जेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आज हा पदार्थविज्ञानाचा शब्द वाटतो, पण वेदांतला 'ऊर्ज्' म्हणजे बळ, आणि ते बळ देणारा अन्नरसही. कार्तिक महिन्याचं एक जुनं नाव 'ऊर्ज' आहे. मराठीतली 'ऊर्जितावस्था' त्याच घरातली. म्हणजे जोर आणि पोटात गेलेलं अन्न यांची सांगड शब्दात आधीच होती. ज्यूलमध्ये मोजमाप नंतर आलं.

आता आपण 'स्वयंवह' म्हणत नाही, 'स्वयंचलित' म्हणतो, आणि त्या स्वयंचलिताची वायर भिंतीतल्या प्लगला लावतो. स्वयंचलित घड्याळाला तर वायरही नाही आणि सेलही नाही. मनगट हलतं तसं आतलं वजन फिरतं आणि कमानीला चावी बसते. मनगट हलतं ते घड्याळ घालणाऱ्याने खाल्लेल्या भाकरीवर. कपाटात ठेवून दिलं की दोन-तीन दिवसांत ते बंद पडतं. भास्कराचार्यांनी त्यालाही ग्राम्यच म्हटलं असतं.