तीन फायली आणि एक मूळ

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एक पिशवी असते. भाजीची नव्हे, फायलींची. एक फाइल शुगरची, एक बीपीची, एक हृदयाची. डॉक्टर तीन, चिठ्ठ्या तीन, गोळ्यांचा डबा मात्र एकच. तो डबा भरता भरता घरातल्या काकू कधीतरी विचारतातच, "अहो, हे सगळं एकाच कशामुळे तर होत नसेल ना?" प्रश्न साधा वाटतो. पण गेली शंभरेक वर्षं वैद्यकशास्त्र हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आलं आहे. कधी त्यातून माणसांचं नुकसान झालं, कधी खरं ज्ञान हाती लागलं. हा फरक कशामुळे पडला, ते आज आपण पाहू.

आधी नुकसानीची गोष्ट. १९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात भाषण दिलं. दातांवरच्या सोन्याच्या कॅपांखाली पू साचतो, आणि रक्तक्षय, पोटाचे, मूत्रपिंडाचे, मज्जातंतूंचे विकार त्यातून होतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत ही कल्पना 'फोकल इन्फेक्शन' म्हणून वणव्यासारखी पसरली. मग काय, सांधे दुखतायत? काढा दात. तरी दुखतायत? काढा टॉन्सिल. आपण हसू नये. जंतूंचा शोध तेव्हा ताजा होता, आणि तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतात, हे आजही खरं आहे. चूक कुठे झाली? बरे वाटलेले रोगी मोजले गेले. दात न काढताही ज्यांना बरं वाटलं असतं, ते कुणी मोजलेच नाहीत. सांधेदुखी तर आपोआपही कमीजास्त होत असते! १९३८ साली रसेल सेसिल आणि मरे अँजेव्हाइन यांनी संधिवाताचे २०० रोगी तपासले, तेव्हा दात किंवा टॉन्सिल काढून ठोस फायदा दिसला नाही. सेसिल आधी याच उपचाराचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांच्या कबुलीला वजन आलं. काढलेले दात मात्र परत आले नाहीत.

आता आपल्या तीन फायलींकडे येऊ. १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी अमेरिकेत मांडलं की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्यामागे एक समान दुवा असावा: शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. या जुळणीला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. पण कोडं एक पायरी मागे सरकलं, एवढंच. शरीर दाद का देत नाही?

उत्तराचा एक धागा जुन्या वह्यांत सापडला. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जायच्या. बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, दूध आईचं की बाटलीचं, सगळं वहीत लिहायच्या. साऊदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली, याच वह्यांच्या आधारे, ५६५४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यांत कमी, ते हृदयविकाराने जास्त मेले होते. म्हणजे साठीतल्या दुखण्याचं एक मूळ पाळण्यात, किंवा त्याच्याही आधी!

आणि इथे गोष्ट आपल्या पुण्यात येते. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे रोगी पाश्चात्त्य पुस्तकांत असतात त्यापेक्षा तरुण आणि सडपातळ दिसत होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. शेतात आणि घरात राबणाऱ्या बायका, त्यांचा आहार, मग त्यांची बाळं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर साऊदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ. या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती.

मग सापडलं का मूळ? थांबा. अँड्र्यू हॅटर्स्ली आणि जॉन टूक यांनी १९९९ सालीच आडवा प्रश्न टाकला होता: एकच जनुक बाळाचं वजनही कमी करत असेल आणि पुढे मधुमेहही देत असेल तर? दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. दातांच्या गोष्टीने आपल्याला हेच शिकवलं. फरक इतकाच की या वेळी लोक मोजत राहिले. सहा गावांतली ती मुलं वयात आल्यावर, २०१२पासून, ती स्वतः आईबाप होण्याआधीच, त्यांतल्या काहींना ब-१२ आणि काहींना नुसती साधी गोळी देऊन पुढची पिढी तपासायचं काम सुरू झालं. कारण खरं असेल तर ते अशा तुलनेत टिकायला हवं.

शेवटी एक सांगायलाच हवं. हे ऐकून घरी जाऊन कुणी "म्हणजे आजीचीच चूक" असं म्हणू नका. सगळ्यांना वाढून उरलेलं जेवायचं, पोटुशी असताना डोक्यावर हंडे वाहायचे, हे त्या आजीने थोडंच ठरवलं होतं? मूळ शोधत मागे गेलो तर ते एका बाईपाशी थांबत नाही. तिच्या ताटापर्यंत आणि ते ताट वाढणाऱ्या घरापर्यंत जातं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच असं द्यावं: हो काकू, दुवे आहेत, पण कुणी एकच मूळ सांगून सगळ्यावर एकच इलाज विकू लागला, तर आधी विचारा, "हा इलाज न केलेल्यांचं काय झालं, ते मोजलंत का?" तोवर तिन्ही फायली जपून ठेवा, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि घरात कुणी पोटुशी असेल, तर तिचं ताट आधी वाढा.