जुने प्रिंटर, बंदिस्त ड्रायव्हर आणि लिनक्स

प्रिंटरचे आयुष्य त्याच्या रोलर व ड्रमवर अवलंबून असते, हा समज लिनक्सच्या इतिहासात टिकत नाही. किंबहुना मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या उगमाशीच एक प्रिंटर आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये आलेल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरची मूळ संहिता रिचर्ड स्टॉलमन यांना मिळाली नाही. त्यामुळे कागद अडकल्याची सूचना देणारी साधी सोयही त्यांना करता आली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर पान स्वतः रचतो. स्वस्त प्रिंटरांत हे काम संगणकावर सोपविले गेले आणि यंत्राची भाषा कंपनीपाशीच राहिली. १९९९ मध्ये आलेल्या 'कप्स' प्रणालीने लिनक्सवरील छपाई सुकर केली. परंतु कॅनन एलबीपी २९०० ची 'कॅप्ट' भाषा तिला अवगत नव्हती. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण त्याचे मुख्य भाग ३२ बिटी व बंदिस्त होते. हे औदार्य अर्धेच ठरले. ६४ बिटी संगणकावर त्यासाठी जुन्या ३२ बिटी लायब्ररी बसवाव्या लागत. शिवाय 'सीसीपीडी' ही सेवा स्वतंत्रपणे चालू ठेवावी लागे. एचपी लेझरजेट १०२० ची तऱ्हा निराळी. वीज जाताच तो आपले फर्मवेअर विसरतो. एचपीच्या 'एचपीलिप' संचाला ते पुन्हा भरण्यासाठी बंदिस्त प्लगइन लागते.

पुढे स्वयंसेवकांनी कॅप्टची भाषा उलगडून २९०० साठी मुक्त ड्रायव्हर लिहिला. कंपनीने ती भाषा खुली केली असती, तर हे श्रम वाचले असते.