ओठावरची मोजपट्टी, गालातला रोग

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली हे खारघरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन कुणी ना कुणी येतंच. तोंडाचा कर्करोग असला की बोट नेमकं 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड, ग्रेड दोन' या ओळीवर असतं आणि प्रश्न ठरलेला: "काका, म्हणजे किती वर्षं?"

वर्षांचा आकडा त्या ओळीत नाही. ती मोजपट्टी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि बनली वेगळ्याच रुग्णांवर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठीतल्या किती पेशी मूळ पेशींसारख्या पक्व राहिल्या, यावर त्यांनी चार प्रती, म्हणजे ग्रेड, पाडल्या. पक्व पेशी केराटिन धरतात. काचपट्टीवर त्याची गुलाबी वेटोळी दिसतात, त्यांना आम्ही मोतीच म्हणायचो. तीन चतुर्थांशांहून अधिक पेशी पक्व, तर पहिली प्रत. एक चतुर्थांशही नाहीत, तर चौथी. पहिल्या प्रतीचे रुग्ण जगले, चौथीचे फार थोडे वाचले. त्या काळात नुसती काचपट्टी पाहून पुढचं सांगता येणं ही मोठीच झेप होती.

पण आपला रोग ओठावरचा नव्हे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि डॉ. वसंत खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू-चुन्याची चिमूट गालफडात धरून ठेवायची सवय आणि गाठीची जागा यांचं नातं लोकांच्या चालीरीतींतून शोधणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. १९५२ साली परळलाच कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. तीच संस्था वाढत वाढत २००२ साली आमच्या खारघरला आली. आज तिला सगळे 'ॲक्ट्रेक' म्हणतात.

गालातल्या बहुतेक गाठी पहिल्या-दुसऱ्या प्रतीतच पडतात. मग एकाच प्रतीतला एक रुग्ण वीस वर्षं जगतो, दुसरा दोन वर्षांत जातो. बायॉप्सीचा तुकडा बहुधा वरवरचा असतो, आणि खरा उपद्रव गाठीच्या खालच्या कडेला चाललेला असतो. नॉर्वेतल्या माग्ने ब्रिने आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली नेमकी ती आत घुसणारी कड तपासली. पुढचा अंदाज बांधायला ती ब्रॉडर्सच्या प्रतींपेक्षा सरस ठरली. पेशी दिसतात कशा यापेक्षा त्या पोचल्या कुठवर, हा प्रश्न मोठा झाला. २०१८पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गाठीच्या लांबीरुंदीबरोबर खोलीही मिलिमीटरमध्ये धरतात: ५ पर्यंत, १० पर्यंत, त्यापुढे. या वर्गीकरणातून रोगाची स्टेज ठरते, आणि ग्रेडला तिच्यात जागाच नाही. मानेतल्या लसिकाग्रंथीत रोग उतरला असेल, तर जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, मग काचपट्टीवर मोती कितीही असोत.

हे मिलिमीटर मोजणं म्हणजे कोरडा हिशोब नव्हे; मानेवर शस्त्रक्रिया करायची का, हे ठरवतानाही खोली पाहतात. सुरुवातीच्या गाठीत, मान हाताला साफ लागत असताना ग्रंथी लगेच काढाव्यात की रोग दिसेपर्यंत थांबावं, यावर जगभर वाद होता. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४पासून दहा वर्षं रुग्णांचे दोन गट करून तो तपासला. निकाल २०१५ साली आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के.