लोखंडाची गोधडी

ठाण्याची खाडी ओलांडली की पहिले स्टेशन कळव्याचे. या गावाला मोडीचे लोखंड नवे नाही. येथल्या मुकुंदच्या कारखान्यात विजेच्या भट्टीत जुने लोखंड वितळून त्याचे पोलाद होई. पण मोडीला आणखी एक गती असते. समजा, कळव्यातल्याच एखाद्या हौशी माणसाने भंगारातून गंजलेली चासी उचलली, मुंबईच्या चोरबाजारातून टाकी आणली, इंजिन आणखी कुठून मिळवले आणि जुन्या घाटाची मोटारसायकल उभी केली. शेजारी म्हणतील, काय हे खूळ! वाचकहो, खूळ खरे; पण त्याच्या मुळाशी आपल्या नडीचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीने सैन्यासाठी एम-२० जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास मोटारसायकली घडविल्या. नॉर्टन १६-एच आणि मॅचलेस जी-३-एल ही तिची भावंडे. १९४५ साली लढाई संपली आणि आपल्याकडेही लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लोकांच्या हाती आल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण, आयातीवर निर्बंध. सुटे भाग मिळेनात. मग एकीचे चाक दुसरीला आणि तिसरीची टाकी चौथीला!

हे साधले, कारण यंत्रही साधेच होते. एम-२०च्या झडपा सिलिंडरच्या कडेला, दाब कमी. त्यामुळे हलके पेट्रोलही तिला पचे. मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर ठिणगी पाडी, बॅटरीवाचून अडत नसे. झिजलेला बुश मिस्त्री लेथवर नवा कातून देई. पुढे १९५५ साली मद्रासेत एन्फील्डची आणि १९६१च्या सुमारास म्हैसुरात जावाची जुळणी सुरू झाली. पण हा जोडकामाचा हात काही लोक विसरले नाहीत.

आता प्रश्न कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षे. अट एवढीच, की वाहन मूळ रूपात असावे; चासीत, सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरफार नसावा. चोरीच्या मालाला आळा बसावा म्हणूनही अशी कसोटी हवीच. पण चार गाड्यांची मिळून एक झालेली गाडी या कसोटीला कशी उतरणार? तिचे मूळ रूप कोणते म्हणायचे?

आजीच्या गोधडीत कोणते लुगडे मूळचे, हे कोणी विचारत नाही. मात्र आजीला प्रत्येक तुकड्याची हकीकत तोंडपाठ असते. गाडी जोडणाऱ्यानेही तेवढे करावे. एक वही घालावी. चासीचा आकडा, इंजिनाचा आकडा, कोणता भाग कुठून आणला त्याची पावती, सारे तीत नोंदवावे. अस्सलपणाचा दाखला तिला मिळो न मिळो, तिची कुळकथा तरी खोटी राहणार नाही. आणि किक मारताच ते जुने इंजिन धडधडू लागले, की भट्टीच्या वाटेवरून परतलेले ते लोखंड आपली हकीकत आपणच सांगू लागेल.