टिंब तेच, सूर दुसरा

आजची गोष्ट एका टिंबाची.

दिवाळीत मंचरला घरी गेलो होतो, तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत संगीताचं एक जुनं पुस्तक सापडलं. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पुस्तकाची सुरुवातीची पानं गायब होती, पण आत बंदिशी नोटेशनसकट छापलेल्या होत्या. म्हटलं, चला, छोटा प्रोग्राम लिहू, आजोबांची पेटी परत वाजवू. वाजवली, तर ओटीवरून वडील ओरडले, "अरे, किंचाळतंय काय ते? दादा खर्जात वाजवायचे हे!"

कोड तीनदा तपासला. चूक त्यात नव्हतीच. मी पुस्तकच चुकीच्या पद्धतीने वाचत होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे नोटेशनच्या दोन मोठ्या पद्धती पुढे आल्या. एक मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांची. त्यांनी घराण्यांकडून शेकडो बंदिशी जमवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने सहा भागांत मराठीत छापल्या. दुसरी कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांची. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि विद्यार्थ्यांसाठी स्वतः पुस्तकं छापली.

दोघंही विष्णु, दोघांची अक्षरं सा रे ग म. पण खुणा वेगळ्या! भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, मंद्रासाठी टिंब खाली. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, अर्थ बरोबर उलटा. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर अक्षराचा पाय मोडतात. मी तर ते पाय मोडलेले 'ग' छपाईची चूक समजून दुरुस्त करून टाकले होते! समेला एकाकडे फुली, दुसऱ्याकडे 1 चा आकडा.

जुनी मराठी फाइल चुकीच्या फॉन्टमध्ये उघडली की कसा कचरा दिसतो, आठवतंय? तिथे निदान कळतं तरी. इथे चूक सुरात वाजते, म्हणून पटकन लक्षातच येत नाही.

युरोपातही हा घोळ आहेच. शोपँ या पियानोवाल्या संगीतकाराची पुस्तकं पॅरिस, लाइपझिग आणि लंडनला वेगवेगळे प्रकाशक छापायचे, आणि खुणांमध्ये फरक पडायचे. 1833 मध्ये छापलेल्या त्याच्या दहाव्या ओपसमधली तिसरी रचना घ्या. हस्तलिखितात लय 'विवाचे', म्हणजे चपळ. छापील प्रतीत 'लेन्तो', म्हणजे संथ! आज जग ती संथच वाजवतं. शिवाय शिकवताना तो विद्यार्थ्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीने बदल करायचा. म्हणून आजचे अभ्यासक सगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून एकेक खूण ताडून बघतात.

हे वाचलं आणि मी परत ट्रंकेकडे गेलो. आजोबांच्या पुस्तकातही पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका ओळीपाशी लिहिलं होतं, 'इथे थांब'. स्कॅन स्वच्छ दिसावा म्हणून मी त्या खोडणार होतो, खरं सांगतो.

आमच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव. तमाशाची पंढरी. फडात लावणी एकाकडून दुसऱ्याकडे कानानेच जाते, लय ढोलकीवाल्याच्या हातात असते. तिथे शंका आली तर माणसाला विचारता येतं. पुस्तकाला नाही विचारता येत. त्याच्यापाशी फक्त खुणा असतात.

प्रोग्राम दुरुस्त केला. आता वाजवण्याआधी तो विचारतो, "पद्धत कोणती?" वडिलांनी ऐकलं आणि 'इथे थांब'पाशी त्यांचा हात आपोआप थांबला.

तर मंडळी, घरात असं पुस्तक असेल तर स्कॅन जरूर करा. पण प्रस्तावनेचं पान आधी घ्या, खुणांचा तक्ता तिथेच असतो. आणि पेन्सिल? तिला हात लावू नका. भेटू पुढच्या भागात!