आजी, बसून राहू नका!



"आता वय झालं, बसून राहा," असं आपण घरातल्या आजींना मायेनं सांगतो. ही माया बरी की वाईट, ते आज बघू.

ज्येष्ठात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. हैबतबाबा आरफळकरांनी हा सोहळा सुमारे १८३२ साली सुरू केला. पायी वारी त्याच्याही आधीची. साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. हे बळ येतं कुठून? "माउली चालवते," असं त्या सांगतात. शरीरात काय घडतं, ते मात्र हळूहळू उलगडलं.

इटलीच्या गॅल्व्हानींनी १७९१ साली आपले प्रयोग छापले. विजेनं मेलेल्या बेडकाचा पायही झटका देत होता. पुढे इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी दाखवलं, की पाठीच्या कण्यातली एक पेशी मज्जातंतूवाटे स्नायूच्या अनेक धाग्यांना एकदम हुकूम देते. मज्जापेशींवरच्या कामासाठी त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं.

उतारवयात यातल्या काही पेशी मरतात. त्यांचे धागे पोरके होतात. शेजारची पेशी काहींना पदरात घेते, उरलेले वाळून जातात. मग हुकूम नीट पोचत नाही. ठेच लागली की तोल सावरत नाही, आणि खुब्याचं हाड मोडतं.

१९९० साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. ९ जणांनी ८ आठवडे पुरे केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचे स्नायू मात्र ९ टक्केच वाढले होते. मग बाकीचं बळ आलं कुठून? बरंचसं मज्जातंतूंकडून. झोपलेले धागे पुन्हा कामाला लागले होते. दोघांची तर काठी सुटली.

म्हणून बायांनो, बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला धरून टाचा उचला. घेरी आली किंवा छातीत दुखलं, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि आजी अंगणात निघाल्या, तर त्यांना अडवू नका. सोबत चाला.